अंगठा मागे, बोटं पुढे

१ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी फुकटची. वाशीमच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी बायका घेऊन जाते, तिथून दर नव्या वर्षाला आम्हा आशा वर्करांना एकेक मिळते. प्रत्येक पानाच्या तळाशी दवाखान्याचं नाव आणि बाळाला घेऊन बसलेल्या बाईचं चित्र. दरवर्षी ती अंजूकडे जाते आणि तिची गणिताची कच्ची वही होते. यंदा मी दिली नाही. "आई, तुले कायले पायजे? तुह्याजवळ सरकारी हाये ना," अंजू म्हणाली. सरकारी आहे. तिच्यात मी रोज लिहिते: इतक्या घरभेटी, इतक्या गरोदर माता, इतक्या गोळ्या वाटल्या. माझं काय दुखतं हे लिहायला तिच्यात रकाना नाही.

तर दुखतंय. दिवाळीच्या आधी चार दिवस वावरात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, बसले होते, तेव्हापासून. कुठे दुखतं ते लिहितानासुद्धा हात अडतो. जांघेत. डाव्या. लिहिलं बाई एकदाचं.

चालताना विशेष नाही. पण अंगणवाडीत बाळांची वजनं घ्यायला उकिडवं बसलं की आत खोल चिमटा बसतो, आणि उठताना भिंत धरावी लागते. गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही, 'आशाबाई' म्हणतात. माझा नवरा विनोद चिडला की तोही आशाबाईच म्हणतो. या आशाबाईने साऱ्या गावाला सांगायचं की दुखणं अंगावर काढू नका, आणि स्वतः दोन महिने गोळ्या गिळत फिरायचं! सोमवारी जाऊन येते.

६ जानेवारी, सोमवार

आज पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. डॉक्टर म्हणाले, "या ताई, पेशंट कुठे आहे?" म्हटलं, "मीच." ते हसले, मीही हसले.

काय होतंय, विचारलं. आता पुरुष माणसापुढे जांघ कशी म्हणायची? ओटीपोटात दुखतं म्हणून सांगितलं. आम्ही बायकांनाही तेच शिकवतो, नाहीतर त्या लाजून मुक्या बसतात. माझी मोठी जाऊ मनकर्णाबाई, तिला दोन वर्षांपूर्वी मी इथेच आणलं होतं. ती तर पदराचं टोक चावत नुसती माझ्याकडे बघत होती. सगळं मीच व्यवस्थित सांगितलं, म्हणून तिचं ऑपरेशन तरी वेळेत झालं.

सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीला सूज आहे म्हणाले. पाळी बरोबर येते का, मुलं किती, एवढं विचारलं. पाळी बरोबर, एक मुलगी. "मग आता त्या पिशवीचं काय काम? ठेवली तर पुढे कॅन्सरची भीती. काढून टाकू." तारीख सतरा फेब्रुवारी.

ही वाक्यं मला पाठ आहेत. मनकर्णाबाई धरून चौदा बायकांना मी याच खोलीबाहेरच्या बाकावर ती समजावून सांगितली आहेत. स्वतःसाठी ऐकताना मात्र मी नुसती मान डोलावली. उठताबसताना दुखतं, चालताना नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. त्यांचा पुढचा पेशंट दारात उभा होता. जाऊ दे, एवढ्याने काय फरक पडतो.

१० जानेवारी, शुक्रवार

घरात सांगितलं आणि रामायण झालं. सासूबाई भाकर थापता थापता थांबल्या. "पिशवी काढली तं नातू कुठून येईन वं? आभायातून पडन?"

"माय, तू गप राय," विनोद म्हणाला. "तिचा जीव चालला, अन् तुले नातू सुचून राह्यला."

"मले पाच झाले. उकिडवं बसूनच कामं केली जलमभर. मले नाई काई झालं!"

मला इतका राग आला की ताटावरून उठले. उठताना कळ आली ती वेगळीच. सासूबाईंना सुनेपेक्षा अजून न झालेला नातू जवळचा. विनोद बिचारा मागून आला. दिवसभर मालाचा ऑटो हाकून दमलेला असतो, तरी पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काढून टाक संगीता. कटकट मिटते." त्याच्या प्रेमाचं मला रडू आलं.

अंजूने विचारलं, "आई, पिशवी म्हंजे नेमकी काय असते?" अख्ख्या गावाला मी चित्रांचा तक्ता लावून ती दाखवते. पोटच्या पोरीला म्हणाले, "असते पोटात एक. जा, अभ्यास कर."

१६ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तीसेक बायका आल्या. दोन तास मांडी घालून बसले आणि मग उठताच येईना. दोघींनी बखोटीला धरून उठवलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

मनकर्णाबाई आली, पण बसली नाही. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, तरी ती येते पाहुण्यासारखी. दाराशीच उभी. सासूबाई म्हणाल्या, "बस ना वं." तर म्हणते, "खुर्ची असंन तं बसतो." खाली थोरल्या-म्हाताऱ्या बसलेल्या आणि हिला खुर्ची! ऑपरेशन झाल्यापासून हिची हीच तऱ्हा. सोंगणीला येत नाही, निंदणाला येत नाही. भांडीसुद्धा टाकीच्या कठड्यावर ठेवून उभ्याने घासते. तिचे यजमान, रामधन भाऊजी, चांगले म्हणून चाललंय. उभी राहायची पद्धतही ठरलेली: एक हात खुब्यावर घट्ट, अंगठा मागे, बोटं पुढे, जांघेच्या बाजूने दाबलेली. बायका आपसात म्हणाल्या, पाहा, आली हिरॉईन. मी त्यांना गप करायला हवं होतं. मी कुंकवाची कोयरी तोंडापुढे धरून हसले.

तिने वाण घेतलं आणि निघाली. जाताना मला एवढंच म्हणाली, "तुह्यं बी दुखून राह्यलं म्हनते?" म्हटलं, "हाव बाई. सतरा फेब्रुवारीले हाये माह्यं." ती काहीतरी बोलणार होती, पण मागून दुसऱ्या बायका आल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशनपर्यंत अंग मोकळं राहावं म्हणून मोबाईलवर बघून व्यायाम सुरू केलाय. तळवे एकमेकांना लावून गुडघे फुलपाखरासारखे हलवायचे, रोज शंभर. वर तीस उठाबशा. पहिल्या दिवसापासून जास्तच दुखतं, म्हणजे गुण येत असणार.

संडासात बसणं मात्र शिक्षा झाली आहे. घरोघरी शौचालय वापरा म्हणून ओरडत फिरणारी मी, सकाळी आत जायचं म्हटलं की देवाचं नाव घेते.

जुबेदाकडे ब्लाउज शिवायला टाकला होता तो आणला. ती नमाज पढत होती म्हणून दाराशी थांबले. खुर्चीवर बसून पढते आता. माझ्याच वयाची आहे, पण ऑपरेशन झालं की बाईचं वय होतंच थोडं. हिलाही मीच नेलं होतं, चार वर्षं झाली.

३० जानेवारी, गुरुवार

आज वेगळंच काहीतरी झालं.

दसऱ्याला सासऱ्यांच्या, पुंजाजींच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून दर गुरुवारी त्यांना वाशीमला सरकारी दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागतं. एरवी विनोद आत जातो. आज त्याचा माल उतरायचा होता म्हणून मी गेले. तिथे फिजिओथेरपीच्या फरहा मॅडम आहेत, मंगरूळपीरच्या. अठ्ठावीस-तिशीची पोरगी, पण पुंजाजींसारख्या हट्टी म्हाताऱ्याला बोलण्यात गुंतवून चार पावलं जास्त चालवते.

सासऱ्यांच्या पायात बूट घालायला मी खाली बसले. घालून झाला आणि मला उठता येईना. पलंगाची कड धरून कशीबशी उठले, हात आपोआप कमरेखाली गेला.

"ताई, हलू नका," मॅडम म्हणाल्या. "हात तसाच ठेवा."

मी घाबरले. वाटलं पाठीवर इंचू-बिंचू दिसला.

"कुठं दुखते?"

"ओटीपोटात."

"मंग हात खुब्यावर काहून गेला?"

मग त्यांनी पडदा ओढला आणि इतके प्रश्न विचारले की मी चिडलेच. कधी दुखते? चालताना की बसल्यावर? मांडी घातली तर? ऑटोतून उतरताना? पाळीच्या दिवसात जास्त होते का? नाही, पाळीचा काही संबंध नाही, हे सांगताना माझं मलाच नवल वाटलं. मग पलंगावर झोपवलं, गुडघा छातीकडे नेला आणि पाय आतल्या बाजूला वळवला. आई गं! तोच चिमटा. त्याच जागी. मी ओरडले तसे पडद्याबाहेरून पुंजाजी बोबडं ओरडले, "सुनंले काय करून राह्यल्या वं?"

"फोटो काढा खुब्याचा," मॅडम म्हणाल्या. "मले पिशवीचं नाई वाटत हे."

एक्स-रे काढला, पण मनात म्हटलं, लकव्याच्या म्हाताऱ्यांना चालवणाऱ्या पोरीला पिशवीतलं काय कळतं? डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, फरहा मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. माझ्या डाव्या गोळ्याच्या मानेवर हाडाचा एक उंचवटा आहे. पाय सरळ असला की त्याला जागा असते. उकिडवं बसलं, मांडी घातली की तो वाटीच्या काठावर जाऊन टेकतो आणि मधल्या भागाला चिमटा बसतो.

"दाराखाली खडा आला तं दार अडते ना?" मॅडम म्हणाल्या. "अशा वक्ती दार जोरानं लोटलं तं काय होईन?"

मी फुलपाखराचं सांगितलं. रोज शंभर. त्यांनी कपाळाला हात लावला.

असा उंचवटा पुष्कळांना असतो, सगळ्यांना दुखत नाही. दुखायला लागला तर आधी खडा डिवचणं बंद करायचं: उकिडवं बसायचं नाही, मांडी नाही, पाटावर नाही, गुडघे खुब्यापेक्षा वर येतील असं काही नाही. मग कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे, म्हणजे सांधा नीट चालतो. तीन महिने नेमाने. तरीही नाहीच थांबलं तर नागपूरला दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, पण ती गोष्ट पुढची.

तिथल्याच लेडी डॉक्टरांनी पिशवीही तपासली. "चांगली आहे. काढायला कोणी सांगितलं?" मी दवाखान्याचं नाव सांगितलं नाही. मी म्हणाले, कोणी नाही, सहज तपासून घेतली.

८ फेब्रुवारी, शनिवार

डोकं भणभणतंय. एका बाजूला कॅन्सर हा शब्द, दुसऱ्या बाजूला एक पोरगी आणि एक काळा फोटो. फोटो खोटा नसतो, पण सोनोग्राफीसुद्धा फोटोच आहे. विनोद म्हणतो, दोन्ही करून टाक. सासूबाईंना आनंदाने रात्री जेवण जास्त गेलं. "म्या सांगतलंच होतं," म्हणत घरभर फिरतात. त्यांचं म्हणणं नातवासाठी होतं आणि तरी बरोबर निघू शकतं, याचा मला जास्त त्रास होतो.

दवाखान्यातून दोनदा फोन आला. "ताई, सतराला सकाळी उपाशीपोटी या." मी 'हो' म्हणाले. ज्यांनी आजवर माझा मान ठेवला, त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि त्यांचं चुकलं असं म्हटलं तर मग पुढे बरंच काही म्हणावं लागेल. ते आज नको.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज माझी पिशवी काढायची होती. आज मी उभ्याने वांगी चिरली.

सकाळी फोन बंद करून ठेवला आणि खाटेवर पडून व्यायाम केला. गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, धरायची, सोडायची. कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा. विनोदने गॅस ओट्यावर नेला, मला उंच स्टूल आणलं. संडासाची सोय सर्वात मजेची झाली. पुंजाजींसाठी भोक पाडलेली खुर्ची आणली होती, आता ती सकाळी आधी मला लागते. सासूबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात, "सासरा अन् सून एका खुर्चीसाठी भांडून राह्यले!" पुंजाजी पडल्या पडल्या हसतात. महिन्यांनी हसले ते.

संध्याकाळी फोन चालू केला. नऊ मिसकॉल. भीती गेलेली नाही. चुकले असेन तर अंजूचं काय, हा विचार दिवसभर आत फिरत होता.

३ मार्च, सोमवार

फरक आहे! अंगणवाडीत टेबलावर काटा ठेवून सतरा बाळांची वजनं घेतली आणि घरी येईपर्यंत कळ आली नाही. मला उड्या माराव्याशा वाटल्या, पण मॅडमनी उड्या मना केल्या आहेत.

कधीपासून किती फरक ते मॅडमना सांगायचं म्हणून दुपारी ही डायरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सोळा जानेवारीला थांबले.

अंगठा मागे, बोटं पुढे.

माझ्याच अक्षरात आहे. खुर्ची असेल तर बसते. सोंगणी नाही, निंदण नाही, भांडी उभ्याने. सगळं लिहिलंय, एकही गोष्ट सोडलेली नाही, आणि शेवटी 'हिरॉईन' लिहून मी पान उलटलंय. पुढच्या पानावर जुबेदा खुर्चीवर नमाज पढते.

मागच्या दाराने पाहिलं. मनकर्णाबाई टाकीपाशी उभी राहून तवा घासत होती. एक हात तव्यावर. दुसरा तिथेच.

५ मार्च, बुधवार

दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. एकदा साखर मागितली. घरात साखर होती.

काय सांगणार? की बाई, तुमचं ऑपरेशन कदाचित लागतच नव्हतं? छत्तीसाव्या वर्षी पाळी थांबली, थंडीतही अंगाची आग होते म्हणून ती अंगणात झोपते, आणि ज्याच्यासाठी हे केलं ते दुखणं तिथल्या तिथेच आहे. न सांगितलं तर कोणाला कळणार आहे? हा विचार मला आला. इथे खोटं लिहायचं तर डायरी कशाला, म्हणून लिहिते. चांगला दहा मिनिटं आला.

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

ती खाटेवर बसून सुपात हरभरा पाखडत होती. मी दाराला टेकून उभी राहिले आणि विचारलं, "बाई, तवा तुमाले नेमकं कुठं दुखत होतं?"

सूप थांबलं नाही. "आता इचारून राह्यली?"

"हाव."

"जांघीत. तुले सांगतलं होतं म्या, ऑटोत बसल्यावर. तू म्हनली, डाक्टरपुढं असं नाई म्हनत, ओटीपोट म्हनाव." मग म्हणाली, "म्या म्हनलं, शिकेल बाई हाये, तिले समजते."

मी विसरले होते. अगदी शप्पथ विसरले होते. ती नव्हती विसरली.

मग मी माझा फोटो, उंचवटा, खुर्ची, सगळं सांगितलं. रडत सांगितलं. ती ऐकत होती, हरभऱ्यातले खडे वेचत होती.

"म्हंजे थे पिशवी काढाची गरज नोती?"

"मले वाट्टे, नोती बाई."

"अन् हे लोकं मले नाटकी म्हनतेत, थे?"

"म्या बी म्हनलं."

तिने सूप खाली ठेवलं. खाली ठेवायला वाकताना हात तिथे गेला. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं, आदळलं नाही, नीट कडी घातली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च, बुधवार

नऊ दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. रामधन भाऊजी समोरून गेले, मान वर केली नाही.

आज दिवेलागणीला मनकर्णाबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता विनोदला विचारलं, "उद्या बुड्याले नेतं का वाशीमले?"

"हाव वयनी."

"ऑटोत जागा हाये का?"

२० मार्च, गुरुवार

पुंजाजींना पुढे विनोदजवळ बसवलं, आम्ही दोघी मागे. मालाच्या ऑटोत मागे फळीवर बसायचं, म्हणून उंचीसाठी मी एक गादी आणली होती. ती तिने कमरेखाली घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

फरहा मॅडमनी पुंजाजींना बाहेर बाकावर बसवलं आणि पडदा ओढला. मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत, म्हणून मी कोपऱ्यात राहिले.

"हां बाई, सांगा. कुठं दुखते?"

मनकर्णाबाईने माझ्याकडे पाहिलं. पदराचं टोक तोंडात होतं. तेच बघणं, दोन वर्षांपूर्वीचं. माझ्या जिभेवर शब्द तयार होते, सगळे, या वेळी बरोबर असलेले. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिले. मॅडमही घाई न करता थांबल्या. बाहेर कोणाची तरी काठी वाजत गेली.

"जांघीत," मनकर्णाबाई म्हणाली.

"कुठल्या?"

"उजव्या. उकिडवं बसलो की आत टोचते. चार वर्सं झाले." पदर तोंडातून निघाला आणि मग ती थांबेचना. सोंगणीचं सांगितलं, संडासाचं सांगितलं, नवऱ्याजवळ झोपायचं सुद्धा सांगितलं, जे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आवाज इतका मोठा की पुंजाजींनी बाकावरून विचारलं, "कोन भांडून राह्यलं?"

पाय वळवला तेव्हा तीही ओरडली. फोटोत उंचवटा निघाला, माझ्यासारखाच, पण वाटीची कड झिजलेली. व्यायामाने आराम पडेल, मॅडम म्हणाल्या, पूर्ण किती पडेल ते सहा महिन्यांनी कळेल. आणि मग, त्यांना काहीच ठाऊक नसल्यामुळे, सहज म्हणाल्या, "दोन-तीन वर्सं आधी आल्या असत्या तं लय बरं झालं असतं, बाई."

"आलोच होतो," मनकर्णाबाई म्हणाली. एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर मालेगावच्या पुढे ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "संगे, थे तं आता परत नाई येत ना?"

"नाई बाई."

ती बाहेर बघत होती. गव्हाची वावरं कापून झाली होती. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला आणि गादी सारखी केली.

"जुबेदाले बी तूच नेलं होतं ना?"

"हाव."

"थे बी खुर्चीवर नमाज पढते."

"पायलं म्या." तिचं तेच असेल असं नाही, पण विचारायला तर हवं. अशा अजून बारा आहेत, जुबेदा धरून तेरा. "उद्या जातो तिच्याकडं," मी म्हणाले. "समजावून सांगतो."

"मी येतो संग," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् तू बोलू नोको. मी इचारतो."

घरासमोर ऑटो थांबला. तिला उतरायला आधार हवा होता. विनोद पुंजाजींना उतरवत होता, म्हणून तिने हात माझ्या खांद्यावर ठेवला, पूर्ण वजन टाकून, आणि उतरली.